ध्येयाविना मिळालेला खेळ

खेळ म्हटला की त्याला शेवट आलाच. हुतूतूत गडी बाद होतात, विटीदांडूत विटी झेलली जाते, बुद्धिबळात राजावर मात होते आणि कोण जिंकले, कोण हरले हे ठरले की मंडळी आपापल्या घरी जातात. ध्येय खेळाच्या नियमांतच गुंफलेले असते. ते शोधण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर नसते. गेल्या काही दशकांत मात्र संगणकाच्या पडद्यावर असा एक खेळप्रकार रुजला आहे, की ज्यात नियम आहेत, साधने आहेत, हजारो सोबती आहेत; ध्येय तेवढे नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. अशा खेळात उतरलेल्या माणसाने आपले ध्येय कसे ओळखावे आणि ओळखलेले ध्येय चांगले की वाईट हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या घरांतील तरुण मुले रात्री कानांना यंत्र लावून ज्या जगात वावरतात, त्या जगात ती नेमके काय करतात हे ठाऊक नसणे वडीलधाऱ्यांना परवडणारे नाही. शिवाय, ज्याला कोणी ध्येय नेमून दिलेले नाही अशा माणसाने काय करावे, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही.

प्रथम खेळाचा परिचय करून घेऊ. १९८४ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा खेळ रचला. त्या काळच्या बहुतेक संगणकीय खेळांत गुण मिळवावयाचे आणि ठरावीक संधी संपल्या की थांबावयाचे, एवढेच असे. 'एलिट'मध्ये एक छोटे अवकाशयान, थोडे पैसे आणि हिंडावयास आठ आकाशगंगा हाती येत. व्यापार करा, चाचेगिरी करा, नाहीतर चाच्यांची शिकार करा, मर्जी तुमची. त्याच परंपरेतील 'एलिट डेंजरस' हा खेळ २०१४ च्या डिसेंबरात आला. त्यात आपली आकाशगंगाच खऱ्या आकारमानाने उभी केली आहे. सुमारे चाळीस हजार कोटी ताराप्रणाली. इतक्या वर्षांत असंख्य खेळाडूंनी मिळून त्यांतील एक टक्काही पाहून झालेल्या नाहीत.

दुसरा खेळ आइसलँडचा. रेक्याविक येथील एका कंपनीने २००३ च्या मे महिन्यात 'ईव्ह ऑनलाइन' सुरू केला. चीनमधील खेळाडूंसाठी वेगळी व्यवस्था आहे. तो अपवाद सोडला, तर जगभरचे खेळाडू येथे एकाच विश्वात एकत्र नांदतात. सात हजारांहून अधिक ताराप्रणाली, खाणी, कारखाने, बाजारपेठा, युद्धे, तह आणि फितुरी यांनी हे विश्व भरलेले आहे. बाजारातील बहुतेक याने आणि शस्त्रे खेळाडूंनीच बनविलेली असतात. म्हणजे एकाने खनिज खणले, दुसऱ्याने वाहून आणले आणि तिसऱ्याने यान बांधले, तेव्हा चौथ्याला लढता येते.

अशा विश्वात नवखा माणूस प्रथम गोंधळतो. चहूकडे वाटा मोकळ्या असल्या की पाऊल कोणीकडे टाकावे हेच कळेनासे होते. या गोंधळातून सुटण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पैसा. पैशाची मोजदाद करता येते, तो वाढताना दिसतो आणि त्यातून मोठे यान घेता येते. मग तासाला सर्वाधिक कमाई कोणत्या धंद्यात आहे याचा हिशेब मांडला जातो आणि तोच एक फेरा शेकडो वेळा घातला जातो. शेवटी ते मोठे यान दाराशी येऊन उभे राहते आणि त्याच दिवशी अनेकांना खेळ कंटाळवाणा वाटू लागतो. यात नवल काही नाही. संपत्ती ही दुसऱ्या कशासाठी तरी हवी असते, म्हणून ती अंतिम श्रेय असू शकत नाही, हे ॲरिस्टॉटलने तेवीस शतकांपूर्वीच सांगून ठेवले आहे. साधन हाती आले आणि ते कशासाठी हवे होते हे ठाऊक नसले, तर हाती आलेली वस्तू ओझे होते.

पैसा ध्येय नव्हे, तर मग काय? येथे एक उत्तर असे दिले जाते की, प्रत्येकाने आपला स्वभाव ओळखावा. या विचाराचा पाया रिचर्ड बार्टल या इंग्रज अभ्यासकाने घातला. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचे एक शब्दमय विश्व संगणकावर रचावयास घेतले. बार्टल हे त्या कामातील त्यांचे सहकारी. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार मांडले आणि त्यांना पत्त्यांतील चार रंगांची नावे दिली. यश व संपत्ती जमविणारे ते चौकट, शोध घेत खणत राहणारे ते इस्पिक, माणसांच्या सोबतीसाठी येणारे ते बदाम आणि इतरांवर हल्ला करण्यात रमणारे ते किलवर.

ही विभागणी उपयुक्त आहे. आपण व्यापारात का रमत नाही आणि एकट्याने दूरवर भटकण्यात का रमतो, हे तिच्यामुळे उमगते. परंतु स्वभाव म्हणजे ध्येय नव्हे. बैल कोणत्या जातीचा आहे हे कळल्याने गाडी कोणत्या गावी न्यावयाची हे कळत नाही. शिवाय स्वभावही बसल्या जागी विचार करून कळत नाही. खाणीत चार रात्री घालवाव्या, माल वाहून पाहावा, कोणा गटाबरोबर लढून पाहावे, तेव्हा कोठे स्वतःची ओळख पटू लागते. आपल्याला काय आवडेल याविषयीचे आपले अंदाज पुष्कळदा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असतात.

या ओळखीची एक खूण आम्हांस विश्वसनीय वाटते. ज्या कामाचा मोबदला काढून घेतला तरी माणूस ते सोडीत नाही, ते त्याचे काम. 'एलिट डेंजरस'मध्ये हटन ऑर्बिटल नावाचे एक अवकाशस्थानक आहे. ते आपल्या शेजारच्या आल्फा सेंटॉरी या प्रणालीत असले, तरी प्रवेशाच्या ठिकाणापासून इतके दूर ठेवले आहे, की सरळ रेषेत यान हाकीत बराच वेळ बसून राहावे लागते. तेथे पोहोचल्यावर मिळण्यासारखे विशेष काही नाही. तेथला पेला ही त्यातल्या त्यात नावाजलेली वस्तू. तरीही लोक जातात, आणि एवढेच नव्हे, तर त्या वाटेच्या प्रेमापोटी त्यांनी आपला एक मालवाहू संघही उभारला आहे. तिकडे 'ईव्ह'मधील एका खेळाडूने सुमारे नऊ-दहा वर्षे खर्चून तेथील साऱ्या खुल्या ताराप्रणालींना एकही यान न गमावता भेट दिली. २०१९ साली हा प्रवास पुरा झाला. असे करावयास त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यासाठी कोणते बक्षीसही ठेवलेले नव्हते.

येथवर आलो म्हणजे वाटते की उत्तर सापडले: ज्यात मन रमते तेच ध्येय. परंतु येथेच खरी अडचण आहे. मन कशातही रमू शकते, दुसऱ्याच्या घातातही.

२००५ साली 'ईव्ह'मध्ये घडलेली एक घटना प्रसिद्ध आहे. भाडोत्री हेरांच्या एका टोळीने एका मोठ्या गटात आपली माणसे पेरली. सुमारे वर्षभर ती माणसे त्या गटात राबली, विश्वास संपादन करून वरच्या पदांवर गेली आणि ठरलेल्या दिवशी त्यांनी गटाच्या प्रमुखाचे यान नष्ट करून भांडारे रिकामी केली. लुटीची किंमत खऱ्या पैशांत साडेसोळा हजार डॉलरच्या घरात जाते असे तेव्हा छापून आले. खेळाच्या नियमांत हे बसत होते. म्हणून कंपनीने कोणाला शिक्षा केली नाही.

या कृत्याच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते ते दुबळे नाही. ते म्हणतात, या विश्वात फसवणूक चालते हे प्रत्येकाला आत शिरतानाच ठाऊक असते. पत्त्यांच्या डावात हातची पाने लपविणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. हे म्हणणे आम्हांस अर्धे पटते. शत्रूच्या यानाला गुंगारा देणे, बाजारात भाव पाडणे, रणांगणात सापळा लावणे हा डावच आहे आणि त्यात कोणाचे खरे नुकसान नाही. परंतु वर्षभर रात्री-अपरात्री जो सोबत होता, ज्याला घरची सुखदुःखे सांगितली असतील, त्याच्यावरचा विश्वास हा काही खेळातला माल नव्हे. याने काल्पनिक होती, भांडारे काल्पनिक होती; विश्वास ठेवणारे मन मात्र हाडामांसाच्या माणसाचे होते. नियम कोणते कृत्य करता येईल एवढेच सांगतो. ते करावे की नाही, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर आवडीकडे मागता येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण 'एलिट डेंजरस'मधील 'फ्युएल रॅट्स' म्हणजे 'इंधनाचे उंदीर' या संघाचे आहे. या खेळात यान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेते तेव्हा इंधन खर्च होते. काही प्रकारच्या ताऱ्यांजवळून ते पुन्हा भरून घेता येते, काहींजवळून नाही. हे ध्यानात न ठेवणारा प्रवासी कधीतरी अंधारात अडकतो. इंधन संपते, यंत्रे बंद पडतात आणि प्राणवायूची शेवटची काही मिनिटे उलटी मोजली जाऊ लागतात. अशा वेळी या उंदरांना हाक घालावयाची. ती येताच जवळ असेल तो स्वयंसेवक निघतो, कधी हजारो प्रकाशवर्षे ओलांडतो आणि लहानशा स्वयंचलित यंत्रामार्फत अडकलेल्या यानात इंधन सोडतो. याबद्दल तो काही घेत नाही. २०१५ पासून हे काम चालू आहे.

खेळ रचणाऱ्यांनी हे काम कोणाला नेमून दिले नव्हते. त्यांनी इंधन संपण्याचा नियम तेवढा केला. अडकलेल्याकडे जाण्याचा नियम खेळाडूंनी आपणच आपल्याला घालून घेतला. या स्वयंसेवकांतही चार स्वभाव आहेत. कोणाला वेगाने यान हाकण्याची हौस, कोणाला दूरचे तारे पाहण्याची, कोणाला सोबतीची. प्रत्येकाची खेळण्याची धाटणी निराळी राहिली, पण तिला दिशा मिळाली ती आपल्या आत डोकावून नव्हे, तर दुसऱ्याची हाक ऐकून. आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आपण काय करू शकतो आणि कशात रमतो हे स्वभाव सांगतो; ते कोणासाठी करावयाचे हे मात्र गरजवंत सांगतो. जेथे या दोहोंची गाठ पडते, तेथे कंटाळा येण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते, कारण पुढची हाक केव्हा आणि कोठून येईल हे कोणालाच ठाऊक नसते.

आता एक शंका उरते. काल्पनिक इंधन काल्पनिक यानात ओतण्यात एवढे थोर ते काय? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिआ' या ग्रंथात खेळाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे. शरीराला जशी विश्रांती तशी मनाला क्रीडा आवश्यक आहे, असे ते म्हणतात आणि योग्य प्रमाणात खेळणे हा सद्‌गुण मानतात. मात्र तीन पथ्ये सांगतात: खेळ अश्लील वा दुसऱ्याला इजा करणारा नसावा, मनाचा तोल त्यात पुरता हरवू नये, आणि तो व्यक्ती, वेळ व स्थळ यांना शोभणारा असावा. तिसरे पथ्य येथे विशेष लागू पडते. विटीदांडू अंधार पडला की थांबे. ज्या खेळाला शेवटच नाही, त्यात पूर्णविराम खेळणाऱ्यालाच द्यावा लागतो. घरातले आजारी माणूस पाणी मागत असता परग्रहावरील प्रवाशाला वाचविणारा, हाक ऐकावयास शिकला असे म्हणता येणार नाही.

म्हणून आईवडिलांना आमची एक सूचना आहे. मुलगा किती वेळ खेळतो हे जरूर विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. तू तेथे काय करतोस, कोणाबरोबर करतोस, तुझ्यावाचून तेथे कोणाचे अडते, असेही विचारावे. तो सांगू लागला तर पूर्ण ऐकून घ्यावे. व्यापारी, भटक्या, शिपाई की अडल्यानडल्याचा सोबती, यांपैकी त्याने स्वतःला काय बनविले आहे, हे त्यातून कळेल. जेथे कोणी पाहत नाही आणि कोणी भाग पाडीत नाही, तेथे माणूस जे निवडतो त्यावरून त्याची पारख पुष्कळ होते.

खेळात यान फुटले तर थोडी रक्कम भरून नवे मिळते. आयुष्यात ती सोय नाही. म्हणूनच, चूक स्वस्त आहे अशा ठिकाणी जर कोणी तरुण हाक ऐकून वाट वाकडी करावयास शिकत असेल, तर त्या शिकण्याला आम्ही वाया गेलेला वेळ म्हणणार नाही. त्याने ती सवय खेळ बंद केल्यावरही सोडू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.