रोजनिशीचा वाचक

आपण रोज जे टिपतो ते वहीतच ठेवावे की चारचौघांपुढे मांडावे, हा प्रश्न कामथडीसारख्या गावी बसून लिहिणाऱ्याला पडला, तर त्याला फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. कारण याच भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरात शके १५४० ते १६१९ या काळातील घडामोडींची ती सुप्रसिद्ध शकावली पिढ्यान्‌पिढ्या पडून होती, आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती छापली तेव्हा तिच्यातील फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या एका नोंदीने शिवजन्मतिथीचा वाद नव्याने उभा केला.

या शकावलीवरून मी तरुणपणी असा सिद्धांत बांधला होता की, जे कोणाला दाखवायचे नसते तेच लिखाण निर्भेळ उतरते. तिथी, स्थळ, घटना. शोक नाही, फुशारकी नाही. पुढे त्याच घराण्याचा करीना, म्हणजे घराण्याची लिहून ठेवलेली हकिगत, वाचनात आला आणि सिद्धांत डळमळू लागला. अफजलखानाच्या स्वारीच्या प्रसंगी कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांची पाठराखण केली, हे सांगताना करीन्याचा स्वर चढतो, कारण घराण्याची निष्ठा आणि तिच्या आधाराने मागायचा हक्क उद्या कोणा अंमलदारापुढे शाबीत करावा लागेल, ही जाणीव त्यामागे असावी. म्हणजे पेटीत बंद असलेल्या कागदालाही वाचक होताच. आणि शकावलीची ती कोरडी तिथीसुद्धा, मला आता वाटते, वंशजांनाच उद्देशून असेल.

मग प्रसिद्धीचे काय? सरकारी चाकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शतपत्रे लिहिली. तेच विचार त्यांनी रोजनिशीत कोंडून ठेवले असते, तर ज्या समाजाला ते झोंबायला हवे होते त्याला त्यांचा गंधही लागला नसता. उलट वरसईच्या विष्णुभट गोडशांनी सत्तावनच्या बंडातील आपला प्रवास १८८३ साली लिहून काढला, तो चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला खरा, परंतु आपला हात फिरवून. मूळ मजकूर वाचकांपुढे यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. आज मध्यस्थ कोणी उरला नाही, लिहिलेले रातोरात हजारोंपुढे जाते. पण तो फिरणारा हात नाहीसा झाला असे नव्हे, तो आता लिहिणाराचाच असतो, आणि लेखणी टेकण्यापूर्वीच तो आपले काम उरकतो.

तेव्हा सध्या मी असे ठरविले आहे की, मत असेल ते विलंब न लावता, स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध करावे, कारण प्रतिवादावाचून मत आंबते. परंतु पाऊस कोणत्या नक्षत्रात लागला, लावणी कधी उरकली, रस्त्याच्या रुंदीकरणात गावची कोणती शेते गेली, अशी नोंद मात्र वहीतच राहू द्यावी, आणि ती अशा सुवाच्य अक्षरात, सालतारखेसह करावी की, आमच्या घराशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही ती लागावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणे दोहोंतही घालू नयेत. आमच्या गावी हा मोह फार, आणि विषयांचा तुटवडा तर मुळीच नाही.