पेढीवरचा विश्वास

उजनी धरणाच्या फुगवट्यात रात्री जाळ्यात सापडलेला मासा सकाळी भिगवणच्या उपबाजारात येतो, इंदापूरच्या आवारात भगव्या डाळिंबाच्या क्रेटच्या थप्प्या लागतात, आणि बारामतीच्या बाजार समितीत शेतकरी रेशीमकोषांच्या गोण्या घेऊन काट्यापुढे उभे राहतात. पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूतल्या या तीन बाजारांना एकच यंत्रणा, एकच नियमावली आणि एकच संगणकीय पडदा पुरेसा आहे, अशी समजूत गेल्या दशकात आपल्या राज्यकर्त्यांत आणि सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. मला ती मान्य नाही. ग्राहकाला दिसणारा भाव हे बाजाराचे केवळ वरचे अंग आहे. मालाची हमी कोणाची, पैशाची जबाबदारी कोणाची आणि नियम करण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या रचनेत नाहीत ती रचना कितीही अद्ययावत असली तरी तिला बाजार म्हणता येणार नाही.

१४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, सुरू झाला तेव्हा राज्यांपुढे तीन अटी ठेवण्यात आल्या होत्या : संपूर्ण राज्यासाठी एकच व्यापारी परवाना, बाजार फीची एकाच ठिकाणी आकारणी आणि इलेक्ट्रॉनिक लिलाव. प्रत्येक समितीला यंत्रसामग्रीसाठी आरंभी ३० लाख, आणि पुढे प्रतवारी व साफसफाईच्या सोयी धरून ७५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, आणि २०२० सालच्या मे महिन्यापर्यंत देशातील १,००० बाजार या जाळ्यात आले. इंदापूरच्या डाळिंबावर दिल्लीच्या व्यापाऱ्याने घरबसल्या बोली लावावी, ही त्यामागची आकांक्षा निःसंशय उदात्त होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी घडले ते असे, की त्याच आवारातील त्याच व्यापाऱ्यांनी पूर्वी तोंडी केलेले सौदे आता पडद्यावर नोंदवले, आणि राज्याराज्यांतील परस्पर व्यापाराचा वाटा फारच थोडा राहिला.

याचे कारण शोधताना अडत्याला खलनायक ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने केलेल्या कपाती, जादा तोलाई-हमाली, रुमालाखाली बोटे धरून ठरवलेले गुप्त भाव यांचा इतिहास खराच आहे, आणि त्याला आळा घालण्यासाठीच वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा आला आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ सालचा अधिनियम अमलात आला. परंतु कायद्याच्या सव्वाशे वर्षांनंतरही अडत्या टिकून राहिला, तो केवळ लबाडीच्या बळावर टिकला असे मानणे म्हणजे लक्षावधी शेतकऱ्यांना स्वतःचे हित कळत नाही असे म्हणण्यासारखे आहे. बहार धरण्याच्या वेळी बँकेने कागदपत्रांसाठी परत पाठवलेल्या बागायतदाराला उचल देणारा, परगावच्या खरेदीदाराने पैसे थकवले तरी पट्टीची रक्कम स्वतःच्या गल्ल्यातून भागवणारा, आणि वरच्या थरातील तकतकीत फळांखाली तेल्या रोगाचे डाग पडलेली फळे दडलेली नाहीत याची ग्वाही देणारा, अशा तिन्ही भूमिका ही एकच पेढी पार पाडीत आली आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर घेणारा सगळ्याच मालाला हलका भाव देऊ लागतो. चांगल्या मालाचा धनी मग माघार घेतो आणि अखेर बाजारच आक्रसतो. डाळिंबाच्या बाबतीत हे तंतोतंत खरे आहे, कारण सालीआडच्या दाण्यांचा रंग आणि काळपटपणा फळ फोडल्याशिवाय कळत नाही. दिल्लीचा व्यापारी दूरध्वनीवरून इंदापूरचा ट्रक मागवतो तेव्हा त्याने वस्तुतः विकत घेतलेला असतो तो अडत्याचा शब्द. पडद्यावर त्या शब्दाला जागा नव्हती, आणि त्याच्या जागी येऊ शकणारी तटस्थ प्रतवारी करणारी प्रयोगशाळा व प्रशिक्षित माणूस बहुतेक आवारांत कागदावरच राहिले.

म्हणूनच बारामतीच्या कोषबाजाराचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. येथे कोषांची खरेदी-विक्री ई-नामवर होते, आणि तिला बऱ्यापैकी अनुकूल परिस्थिती लाभली आहे. कोषाचा दर्जा नमुना कापून, तोलून आणि पाहून बऱ्याच अंशी ठरवता येतो. कोष घेऊन त्यांपासून सूत काढणारे रीलर संख्येने मोजके आणि परस्परांना परिचित असतात. आणि पतंग कोष फोडून बाहेर पडण्यापूर्वीच माल विकला जावा लागत असल्याने दोन्ही पक्षांना वेळेचे महत्त्व सारखेच असते. पूर्वी हाच माल कर्नाटकातील रामनगरपर्यंत न्यावा लागे, आणि इतक्या दूर गेलेला शेतकरी भाव पडला म्हणून माल परत आणू शकत नसे. जवळच्या बाजाराने त्याला नकार देण्याचे सामर्थ्य मिळवून दिले, आणि ते भावातील वाढीइतकेच मोलाचे आहे. याउलट भिगवणच्या मासळीला दर्जाचा वाद फारसा नसतो, परंतु चिलापीच्या टोपलीचा लिलाव काही क्षणांत उरकावा लागतो. तेथे पडद्यावर बोली उमटण्याची वाट पाहत राहिल्यास बर्फ वितळतो आणि मालाची किंमत घसरते. तेथे संगणकाचे काम लिलावानंतरचे आहे : वजनाची नोंद, पट्टी आणि बँकेतील जमा.

बाजारातील आकारणी कोणाकडून करावी, हा प्रश्नही सामान्यतः समजला जातो त्याहून गहन आहे. २०१६ साली महाराष्ट्राने फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले तेव्हा त्याचे स्वागत झाले, आणि मलाही तो निर्णय न्याय्य वाटतो. परंतु खरेदीदार थोडे असतील तर ते तीच रक्कम बोलीतून वजा करून घेतात, हेही तितकेच खरे. रोशे आणि तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली विशद केले की, दोन पक्षांना एकत्र आणणाऱ्या मंचासाठी एकूण आकारणीइतकेच ती कोणत्या पक्षावर टाकली आहे याला महत्त्व असते, आणि ज्याच्या येण्याने दुसरा पक्ष येतो त्याला फुकट किंवा स्वस्तात प्रवेश देणे मंचाच्या हिताचे असते. खाजगी कंपन्यांची शेतमाल विक्रीची अनेक ॲप्स शेतकऱ्याकडून आज काही घेत नाहीत, ते याच धोरणानुसार. शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही की हे गणित बदलते, आणि त्या वेळी दाद मागायची कोणाकडे, याचा विचार आजच व्हायला हवा.

हॉलंडमधील आल्समेरचा फुलांचा लिलाव उत्पादकांच्याच सहकारी मालकीचा होता. तेथे १९९० नंतरच्या दशकात माल प्रत्यक्ष न दाखवता पडद्यावरील चित्रावरून विकण्याचा प्रयोग झाला आणि फसला; खरेदीदारांना दालनातील परस्परांची चाहूल हवी होती, हे त्यामागचे एक कारण. परंतु तो प्रयोग थांबवण्याचा निर्णयही त्या बाजाराच्या मालकांनीच घेतला. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या सहकारी साखर कारखान्यांचा सभासद वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्याचा आणि उपपदार्थांच्या हिशेबाचा जाब विचारतो, अनेकदा पोटतिडकीने विचारतो. उसाला लिलाव नसतो, दर केंद्राच्या किमान दराच्या चौकटीत कारखाना ठरवतो, तरीही तेथे विचारण्याचा हक्क आहे. याच शेतकऱ्याचे डाळिंब ज्या संगणकप्रणालीवर विकले जाते तिच्या बोलीचे नियम कोणी बदलले, परवाने कोणी रोखले, कोणत्या खरेदीदाराने किती दिवस पैसे थकवले, याची माहिती त्याच्यापुढे कोणतीही सभा ठेवत नाही. बाजार समित्यांनी बाजार फीच्या रकमेतून आधी देयक-हमीचा निधी उभारावा, प्रतवारीचा माणूस नेमावा, आणि त्या दोन्हींचा हिशेब शेतकऱ्यांच्या सभेत उघड वाचून दाखवावा. इंदापूरच्या बागायतदाराने अनोळखी खरेदीदाराच्या बोलीला होकार देण्यासाठी एवढे तरी किमान आवश्यक आहे.