गोळा आणि महापातक

दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक आहे. महत्त्वाच्या गाड्या तेथे न थांबता निघून जातात, आणि जो कोणी उतरतो त्याला एका अंगाला लोखंडाच्या कारखान्यांचा धूर व दुसऱ्या अंगाला शेतांच्या बांधांवरचे मोहाचे जुने वृक्ष असे दोन न पटणारे यजमान एकाच वेळी सामोरे येतात. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा विदर्भातून जी मराठी कुटुंबे या मुलुखात आली त्यांपैकी आमचे एक. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळा आला की आंबील आणि बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजत ठेवलेला इकडचा आंबूस भात, ही दोन्ही सारख्याच निष्ठेने खाल्ली जातात. गेल्या वैशाखात या जुन्या, निरुपद्रवी क्रमात माझ्या भाच्याने एका नव्या पदार्थाची भर घातली, आणि तिच्यामुळे मला चार रात्री मनुस्मृती उघडून बसावे लागले.

भाचा वर्ध्याचा. वर्धा जिल्ह्यात, गांधीजींच्या वास्तव्याच्या पुण्याईने, 1974 पासून दारूबंदी आहे. आणि पाच-सहा तासांचा प्रवास करून तो येथे उतरतो तेव्हा तीच वस्तू सरकारच स्वतःच्या दुकानांतून रीतसर विकत असते. अशा दुकानातून त्याने गुलाबी वाइनची एक बाटली आणली. पहिल्या दिवशी ती बाटली त्याने तशीच बर्फाच्या कप्प्यात आडवी ठेवली. सकाळी बूच बाहेर आलेले, आणि वाटाण्याच्या पिशव्यांवर गुलाबी तुषार गोठलेले! पाणी गोठताना फुगते हा शाळेतला धडा या पदवीधराला आमच्या शीतकपाटाने पुन्हा शिकविला. दुसऱ्या बाटलीच्या वेळी तो शहाणा झाला होता. कुल्फीसाठी ठेवलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात त्याने वाइन ओतली, टरबुजाच्या फोडी वेगळ्या गोठविल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते अशा वेळी, तो डबा माझ्यापुढे उघडला. कडेने पांढुरके, पिसासारखे स्फटिक धरले होते आणि मध्यभागी गडद गुलाबी, पाकासारखा द्रव तसाच हलत होता. काट्याने ते सारे खरवडून, टरबूज, लिंबू आणि साखरेचा पाक घालून त्याने मिक्सरमधून फिरविले, वाट्यांत भरले आणि म्हणाला, "मामा, घ्या. ही काही दारू नाही हो, बर्फाचा गोळा आहे नुसता."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले; परंतु ते सहज सोडून देण्यासारखे नव्हते. कारण या एका वाक्यात त्याने, स्वतःला न कळत, आपल्या दर्शनांतला एक प्राचीन वाद निकालात काढला होता. कार्य हे कारणाहून नवीन, पूर्वी अस्तित्वात नसलेले द्रव्य होय असे नैयायिक मानतात. कार्य कारणात आधीपासूनच दडलेले असते, पालटते ते केवळ रूप, असे सांख्य म्हणतात. गोळा ही नवीन वस्तू असे म्हणणारा भाचा नैयायिकांच्या पंक्तीत बसला. मी त्याला हिशेब करून दाखविला. बाटली 750 मिलिलिटरची, तीत मद्यार्क शेकडा 12, म्हणजे 90 मिलिलिटर. ती द्रवरूप असो, गोठलेली असो की टरबुजात लपलेली असो, त्या 90 मधला एक थेंबही घरातल्या गारठ्याने नाहीसा होत नाही. इतकेच नव्हे, बारा टक्क्यांची वाइन शून्याखाली सुमारे 5 अंशांवर गोठू लागते तेव्हा आधी गोठते ते त्यातले पाणी. मद्यार्क मागे राहतो, आणि डब्याच्या मध्यभागी तो जो गडद द्रव हलत होता तो मूळ वाइनहून अधिक कडक झालेला असतो. गारठ्याने मद्य सौम्य होत नाही. सौम्य होते ती आपली जीभ. अतिशीत पदार्थाची गोडी आणि तिखटपणा दोन्ही जिभेला कमी जाणवतात, म्हणूनच त्याला साखर जास्त लागली. म्हणजे वस्तू तीच राहिली आणि तिची साक्ष देणारा साक्षीदार तेवढा बधिर करण्यात आला.

येथवर सांख्यांचा जय झाला असे समजून मी स्मृतीकडे वळलो, आणि तेथे गोंधळ वाढला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान हे महापातकांत गणले आहे, आणि सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. या माध्वीचा अर्थ मधूक, म्हणजे आपला मोह, त्याच्या फुलांचे मद्य असा अनेकांनी लावला आहे. हे वाचले आणि मी खिडकीबाहेर पाहिले. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याच झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली असते, आणि उजाडण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन टपटप पडणारी मांसल, फिकट पिवळी फुले वेचीत असतात. तो जड, गोड दर्वळ आमच्या अंगणापर्यंत येतो. महापातकाचा कच्चा माल इतका निष्पाप दिसत असेल अशी माझी कल्पना नव्हती. मुंबई इलाख्यात तर 1892 साली मोहफुलांचा संग्रह आणि विक्री यांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. अबकारी खात्याचा महसूल सुरक्षित राहावा म्हणून फुलालाही परवान्याच्या जाळ्यात ओढणारे ते सरकार नैयायिक नव्हते हे उघड आहे.

बरे, आंबणे हाच दोष म्हणावा, तर आमची बासी पैष्टीची सख्खी चुलत बहीण ठरते. स्मृतिकारांनी आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगून लगेच दह्याला मुभा दिली, यावरून त्यांनाही ही रेषा आखताना हात चाचरल्यासारखा झाला असावा. आणि ज्या घरांत वाइनचा उच्चारही ओटीवर चालत नसे, त्या घरांतल्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असेच! धायटीची फुले घालून आंबविलेल्या आसव-अरिष्टांत शेकडा 5 ते 10 मद्यार्क आपोआप तयार होतो. माझी आजी, जिने आयुष्यात कांदाही चातुर्मासात शिवला नाही, ती दोन्ही जेवणांनंतर दोन-दोन चमचे आसव समभाग पाण्यातून घेत असे आणि त्यानंतरची तिची वामकुक्षी विशेष शांत लागत असे. तिला दोषी ठरविण्याचे धाडस माझ्यात नाही. मग दोष द्रव्यात नाही, रूपात नाही, प्रमाणातही सर्वस्वी नाही; तो आहे तरी कोठे?

मनूने प्रायश्चित्त सांगताना एक भेद केला आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. अजाणता मद्य प्यालेल्याची शुद्धी पुन्हा संस्कार करून होते. जाणूनबुजून पिणाऱ्यास मात्र त्याने प्राणांतिक प्रायश्चित्तापर्यंत नेले आहे. अज्ञानाला सूट आहे. परंतु ज्या अज्ञानाची माणसाने स्वतःच तजवीज केली, त्याची गणना कोणत्या सदरात करावयाची? महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांनी सुरा प्राशन केली ती सुरा म्हणूनच. तीत शिष्य कचाची रक्षा कालविली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पोटातून शिष्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी दानवांवर जेवढा कोप केला त्याहून अधिक स्वतःच्या त्या अवस्थेवर केला, जिच्यात आपण काय गिळतो आहोत हे ज्ञानी माणसालाही कळत नाही, आणि पुढील ब्राह्मणांसाठी सुरा शापून ठेवली. त्यांना दानवांनी फसविले होते. गोळा करणाऱ्याजवळ दानव नसतात. ते काम त्याला स्वतःच, टरबूज आणि लिंबू घेऊन, करावे लागते.

नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी हे फार चांगले ओळखले होते. नागपूरजवळच्या सावनेरास 1919 च्या जानेवारीत त्यांचा अंत झाला आणि त्याच वर्षी 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. त्यातला सुधाकर प्रेक्षकांना रडवितो हे खरे, परंतु मला अधिक भय वाटते ते तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे, जेथे प्रत्येक सभासद प्याल्यापूर्वी एक कारण पितो.

याच्या उलट गोंडांच्या घरी मी जे पाहिले ते सांगतो. मोहाचे मद्य तेथे जन्माला, लग्नाला, मरणाला आणि देवाला लागते. परंतु पळसाच्या पानाच्या द्रोणातून पहिला घोट कोणी घेत नाही, आधी चार थेंब भुईवर, देवासाठी आणि पूर्वजांसाठी, सांडतात. म्हणजे पिणाराने आपण काय पीत आहोत हे चारचौघांत आणि पितरांच्या साक्षीने कबूल केलेले असते. त्यानंतरही माणसे अतिरेक करतात, भांडतात, संसार मोडतात, त्या समाजाच्या स्त्रियांनीच दारूविरुद्ध मोर्चे काढले आहेत. त्या विधीने मद्याचे विष उतरते असे मी मुळीच म्हणत नाही. तो एवढेच करतो की जिभेआधी मनाला वर्दी देतो.

हे सारे विवेचन मी भाच्याला ऐकविले. तो अदबीने ऐकत होता आणि वाटी संपवीत होता. मीही, लपवून काय उपयोग, दोन चमचे घेतले होते. उन्हाळा रसमड्याचा होता आणि पदार्थ खरोखर उत्तम जमला होता. इतक्यात त्याची सहा वर्षांची मुलगी झोपेतून उठून आली, तिने गुलाबी बर्फ पाहिला आणि हात पुढे केला.

"मला पण गोळा!"

"नाही, तुला नाही," भाचा घाईने म्हणाला.

"का पण, बाबा?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मनू, सांख्यांचा कपिल आणि नैयायिकांचा गौतम यांपैकी कोणाला साक्षीस बोलवावे या विचारात असतानाच त्याच्या तोंडून निघून गेले, "दारू आहे ती."

मुलीने हात मागे घेतला, आणि मग विचारले, "मग कुल्फीच्या डब्यात का ठेवली?"

या प्रश्नावर कोणीच भाष्य केले नाही. उरलेले मिश्रण पुन्हा बर्फाच्या कप्प्यात जायचे होते, म्हणून खबरदारीसाठी मी एक कागदाची पट्टी कापली आणि तीवर सुवाच्य अक्षरांत 'द्राक्षासव' असे लिहून डब्याला चिकटविली. माझ्या पत्नीने ती वाचली, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, माझा शब्द खोडून खाली 'दारू' असे लिहिले, आणि डबा आत, वाटाण्यांच्या मागे, सरकविला.