वेणीच्या पेडांत

कांदिवलीत पोयसरला आमच्या घरी सकाळी साडेसहाला एकच धांदल असते. डबा, पाण्याची बाटली, हरवलेला मोजा. त्यातच सून नातीची वेणी घालता घालता बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणून घेते. सहाच वचनं, पण चौथ्यापाशी गाडी हमखास अडते. मग मी मुद्दाम चुकीचं म्हणतो. "आजोबा, चुकलात!" म्हणत ती मान वळवते, पेड सुटतो, आईचा ओरडा मला.

संडे स्कूलमध्ये पेन्सिलीच्या बक्षिसासाठी घोकलेलं वचन सोमवारपर्यंत टिकत नाही. हे स्वतःच्या लहानपणावरून सांगतो. रोजच्या कामात ओठांवर बसलेलं मात्र टिकतं.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा चक्क मराठी ओव्यांत सांगितली, दहा हजारांहून अधिक. त्याचं हे क्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ साली. जात्यावर दळताना ज्यांच्या ओठांवर ओवी होती, त्यांच्या हाती त्याने ओवीच दिली. माणूस हुशार होता.

आमच्याकडे जातं नाही, वेणी आहे. खाली बसचा हॉर्न वाजतो, तेव्हा शेवटची दोन वचनं उरलेलीच असतात. ती जिन्यात.