हॅम्लेट, आगरकर आणि पुराव्याचा प्रश्न

हॅम्लेट म्हणजे निर्णय घेऊ न शकलेल्या माणसाची शोकांतिका, हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता नाटकाविषयीचे मत न राहता नाटकाचे दुसरे नावच होऊन बसले आहे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या चित्रपटाच्या आरंभी ते जवळपास याच शब्दांत ऐकू येते. त्याच्या कितीतरी आधी गटेने कोमल मनाला न पेलणाऱ्या कर्तव्याची कल्पना मांडली, कोलरिजने अतिविचाराचा दोष दाखवला, आणि वरूडपासून अकोल्यापर्यंत इंग्रजी साहित्य शिकणारा विद्यार्थी आजही उत्तरपत्रिकेत तेच लिहून गुण मिळवतो. अलीकडे या विधानाला एक घातक जोड मिळाली आहे. अन्याय झालेल्याने वाट पाहणे हा दुबळेपणा, आणि चौकशी, साक्षीपुरावे, खटला ही त्या दुबळेपणाचीच सभ्य रूपे, असे मानणारा वर्ग वाढला असून आरोपी चकमकीत मारला गेला की पेढे वाटले जातात. विलंब हाच हॅम्लेटचा गुन्हा ठरवणारे वाचन आणि हा जल्लोष यांचे मूळ एकच आहे, आणि ते तपासण्यासाठी ज्याच्याकडे वळावे असा माणूस अकोल्याच्या शाळेत शिकलेला आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. पण दारिद्र्यामुळे शिक्षणासाठी भटकत ते अकोल्याला आले, आणि तिथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक त्यांना लाभला. याच महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ हे नाटक १८७९ मध्ये मराठीत आणले, म्हणजे वऱ्हाडातल्या एका हायस्कुलाच्या गुरुशिष्यांनी शेक्सपिअरची नाटके मराठीला दिली. कारण शिष्याने पुढे ‘हॅम्लेट’ला हात घातला. तो कुठे घातला हे महत्त्वाचे आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी केला होता. या आरोपाला आधार म्हणून मिळालेली पत्रे बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि जुलै १८८२ मध्ये संपादक म्हणून आगरकर व टिळक यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले, त्या दिवसांत ‘हॅम्लेट’चे भाषांतर आगरकरांच्या हाती होते, आणि ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहमदनगरला, देखरेख करणाऱ्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला.

राजवाड्यातले कारस्थान, वेडा ठरवलेला राजपुत्र, आणि खरी मानलेली पण खोटी निघालेली पत्रे: भाषांतरकार ज्या प्रकरणात तुरुंगात गेला ते प्रकरण आणि त्याच्यासमोरचे नाटक यांत इतके साम्य क्वचितच आढळते. हे साम्य वरवरचे नाही. महाराजांवर अन्याय होत होता ही आगरकर-टिळकांची भावना निराधार नव्हती, हे महाराजांच्या शेवटानेच दाखवले. तरीही त्यांनी हाती धरलेला पुरावा खोटा होता. भावना खरी आणि पुरावा खोटा ही जी कोंडी, तीच हॅम्लेटची कोंडी आहे. त्याच्यापाशी आहे काय? राजा क्लॉडियसने, म्हणजे काकाने, आपल्या बापाचा खून केला ही एका पिशाच्चाची साक्ष, जी त्याने एकट्याने ऐकली आहे, आणि जी ऐकवणारा बापाचा आत्मा आहे की बापाचे रूप घेऊन आलेला सैतान आहे, हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. म्हणून तो नटांकरवी खुनासारखाच प्रसंग राजासमोर करवतो आणि राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवण्यासाठी होरेशिओ हा दुसरा साक्षीदार उभा करतो. ज्याला निर्णय घेता येत नाही असा माणूस परीक्षेची अशी आखणी करत नाही.

त्याला दिरंगाईचा दोष देणारा प्रेक्षक एक गोष्ट विसरतो. तिसऱ्या अंकात क्लॉडियस स्वतःशी पुटपुटतो आणि नंतर प्रार्थनेला बसून बंधुहत्येची कबुली देतो, ती प्रेक्षकाने ऐकलेली असते. हॅम्लेटने ती कधीच ऐकलेली नसते. प्रेक्षक निकालपत्र वाचून खुर्चीत बसलेला आहे आणि तपास करणाऱ्याला तो विचारतो आहे की एवढा वेळ का लागला.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो खरोखर जड आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबले पाहिजे. नाटकातल्या नाटकानंतर राजा उठून जातो, हॅम्लेटची खात्री पटते, आणि लगेच त्याला राजा एकटा, पाठमोरा, गुडघ्यांवर बसलेला सापडतो. तरी तो वार करत नाही. इथे पुराव्याचे कारण चालत नाही. प्रार्थनेत मेलेला माणूस स्वर्गात जाईल, त्याला पापात गुंतलेला असताना मारावे म्हणजे तो नरकात पडेल, हे कारण हॅम्लेट स्वतः देतो. अनेक टीकाकारांना ते इतके भीषण वाटले की त्यांनी ती न मारण्याची सबब मानली आणि पुन्हा अनिर्णयाकडे बोट दाखवले. पण ते शब्द जसे आहेत तसे घेतले तर वेगळेच दिसते: ज्याने इतका वेळ सत्य शोधले, त्याला सत्य हाती येताच न्याय पुरेनासा झाला आहे, आता त्याला शत्रूचा परलोकही उद्ध्वस्त करायचा आहे. इथपर्यंत या लेखात हॅम्लेटची बाजू मांडली गेली. या प्रसंगापुढे ती तशीच मांडता येत नाही.

कारण यानंतर तो मुळीच थांबत नाही. आईच्या महालात पडद्याआड हालचाल होते आणि पलीकडे कोण आहे हे न पाहता तो तलवार खुपसतो; मरतो तो राजाचा मंत्री पोलोनियस. पुढे इंग्लंडच्या वाटेवर तो राजाचे पत्र चोरून वाचतो, त्याच्या जागी स्वतः बनावट पत्र लिहितो, त्यावर बापाच्या मुद्रेचा शिक्का उठवतो, आणि रोझेनक्रँट्झ व गिल्डनस्टर्न या बालमित्रांना पश्चात्तापाची सवड न देता मृत्यूकडे धाडतो. ते राजाचे हेर होते हे खरे. आपण कोणते पत्र नेत आहोत हे त्यांना माहीत होते, असे नाटक कुठेही दाखवत नाही. ज्या राजाविरुद्ध हा लढा होता, त्याची हत्यारे होती हेरगिरी, विष आणि खोटे कागद. त्यांपैकी खोटा कागद आता हॅम्लेटच्या हातात आहे. भ्रष्टता म्हणजे केवळ लाच नव्हे. आपल्या मुलावर पाळत ठेवायला माणूस पॅरिसला पाठवणारा पोलोनियस आणि तलवारीला स्वतःहून विष लावणारा त्याचा मुलगा लेर्टीझ यांच्यासारखी माणसे घडवणारी राज्यव्यवस्था भ्रष्ट असते, आणि तिच्याविरुद्ध एकट्याने सूड घेऊ पाहणाराही तिच्याच रीती उचलतो.

हॅम्लेटच्या डेन्मार्कमध्ये नव्हते ते पुण्यात एकदा होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि काका रघुनाथराव गादीवर आले. तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि प्रत्यक्ष सत्ताधीशाला दोषी ठरवले. सत्ताधीशाला दोषी म्हणू शकणारा न्यायाधीश डेन्मार्कच्या एल्सिनोरला असता, तर हॅम्लेटला तलवार उचलावीच लागली नसती. न्यायासन खुन्याच्या ताब्यात असणे हीच त्या नाटकातली मूळ आपत्ती आहे.

विदर्भाने ही आपत्ती जवळून पाहिली आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या आवारातच कस्तुरबानगरच्या जमावाने, त्यात स्त्रिया पुढे होत्या, वर्षानुवर्षे वस्तीला छळणाऱ्या गुंडाला ठार केले. पोलिसांनी तक्रारींची दखल घेतली नाही, हे त्या स्त्रियांचे म्हणणे होते, आणि २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या स्त्रियांना दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे; पण त्या दिवशी न्याय झाला असे म्हणणे म्हणजे दखल न घेणाऱ्यांना मोकळे सोडणे आहे. म्हणून चकमकीनंतर पेढे वाटणाऱ्यांनी ‘हॅम्लेट’ पुन्हा वाचावे, आणि हॅम्लेटला दिरंगाईबद्दल जाब विचारण्याआधी पडद्याआड मेलेल्या पोलोनियसचा हिशेब मागावा.