विक्षेप आणि उन्मेष

मागील वर्षी एका गावच्या सप्ताहात कीर्तन आटोपले, आणि एक म्हातारी माय पाया पडून म्हणाली, "बेस झालं जी महाराज. पन थो सावकाराचा दृष्टांत त मागच्या एकादशीले दुसऱ्या महाराजानंबी सांगतला. शब्दाले शब्द." मी काय बोलणार? तो दृष्टांत मी मोबाईलवर ऐकून उचलला होता. त्या बुवांनीही बहुधा तेथूनच.

कोणी म्हणेल, वारकऱ्याला नवे हवे कशाला? संतांची वचने प्रमाण आहेत, ती सांगावीत, झाले. हे खरे आहे. आपला मार्ग नावीन्याचा हव्यास धरणारा नव्हे. पण श्रीज्ञानोबारायांपुढे तरी अर्थ कोणाचा होता? सातशे श्लोक भगवंतांचे. त्यांवर नेवाशास 1290 साली नऊ हजार ओव्या झाल्या, त्यांतील उपमा कोणाच्या उसन्या नव्हेत. अर्थ परंपरेचा, पण तो पाहणारा डोळा ज्याचा त्यानेच उघडावा लागतो. 'उन्मेष' म्हणजे तरी काय? पापणी उघडणे.

पाठशाळेत आम्हांला वामनाचे अलंकारसूत्र होते. आठव्या शतकातील हा काश्मिरी पंडित काव्याच्या साधनांत 'अवधान' सांगतो, म्हणजे चित्ताची एकाग्रता. आणि त्यासाठी देश एकांताचा व काळ रात्रीचा चौथा प्रहर. आपल्या काकड्याचीच वेळ की! त्या वयात हे नुसते घोकले. आता पहाटे उठतो नि हात आधी टाळांकडे न जाता उशाखालच्या यंत्राकडे जातो, तेव्हा वामन आठवतो.

इथे एक शंका येते. जनाबाईला कुठला एकांत? जाते, शेण, पाणी. सावता महाराज अरणला मळ्यात, गोरोबाकाका तेरला चिखलात. तरी वाणी स्फुरली. मला वाटते, काम हा विक्षेप नव्हेच. जात्याने हात गुंतले, मन मोकळे राहिले. आजची तऱ्हा उलटी: हात रिकामे, एक अंगठा तेवढा हलतो, आणि मन मात्र दर घटकेला कोणी तरी ओढून नेतो. पतंजलींनी चित्तविक्षेप नऊ मोजले, त्यांत व्याधी आहे, आळस आहे. हा दहावा त्यांना ठाऊक नव्हता, की आळसातच मोडतो, हे शास्त्र्यांनी ठरवावे.

आपल्या वर्ध्याचेच घ्या. विनोबांच्या मातोश्रींना गीता मराठीत हवी होती. होती ती भाषांतरे त्यांना अवघड गेली, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. 1918 मध्ये त्या निवर्तल्या. गीताई लिहायला बसणे झाले 7 ऑक्टोबर 1930 ला, आणि पुरी झाली 6 फेब्रुवारी 1931 ला. चार महिने! पण त्या चार महिन्यांमागे बारा वर्षांहून अधिक काळ ते बीज जमिनीत होते, कोणी रोज उकरून पाहिले नाही. शिवाय तो काळ काही शांततेचा नव्हे, देशभर सत्याग्रह पेटलेला होता. पुढे 1938 मध्ये प्रकृती ढासळली म्हणून ते पवनारला आले, तेव्हा धामनदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी डोक्यातल्या साऱ्या कामांचा मनाने संन्यास केला. आपण पूल ओलांडतो तेव्हा कोणाशी तरी बोलत असतो.

मी यंत्राचा द्वेष्टा नाही, बरं का. कीर्तनाची तारीख त्यावरच ठरते, नात त्यावरच दिसते. पण पूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाताना अभंगाचा एकच चरण चघळीत जाई, आणि कपाशीच्या धुऱ्यावर कुठेतरी दृष्टांत सापडे. कधी सापडतही नसे. मग त्या रात्री कीर्तन फिके होई, ते सोसावे लागे. आता फिके होऊ नये म्हणून उसने घेतो, त्यामुळे सापडायचे थांबले.

त्या मायच्या गावचा सप्ताह यंदा पुन्हा आला आहे. महिनाभर मी यंत्र घरी ठेवून वर्ध्याहून पवनारच्या वाटेने सकाळी चालतो. पहिले आठ दिवस नुसती चुळबूळ झाली, खिसा चाचपीत होतो. परवा नदीकाठी घाटावर एक बाई ओले लुगडे पिळताना दिसली, आणि चरणाचा अर्थ जरा हलल्यासारखा वाटला. दृष्टांत अजून पुरा झालेला नाही.