आधी काय फुटावं?

प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा मुद्दाम कच्चा ठेवलेला भाग. भांडं फुटू नये म्हणून आधी तो जातो. काहीतरी फुटणारच असेल तर काय फुटावं हे आधी ठरवून ठेवणं मला निव्वळ तांत्रिक हुशारी वाटायची. खोल समुद्रातल्या तेलविहिरींबद्दल वाचल्यावर त्यातला नैतिक प्रश्न दिसला.

अशी विहीर म्हणजे एकात एक बसवलेल्या पोलादी नळ्या, म्हणजे केसिंग. दोन नळ्यांमधल्या पोकळीत द्रव अडकून राहतो. समुद्रतळाशी तापमान चारेक अंश, खालून येणारं तेल मात्र बरंच गरम. उत्पादन सुरू झालं की हा द्रव तापतो, त्याला पसरायला जागा नसते आणि दाब चढत जातो. जमिनीवरच्या विहिरीत तोंडाशी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडता येतो. समुद्रतळावर बाहेरच्या पोकळ्यांपर्यंत सहसा पोचताच येत नाही. १९९९ साली मेक्सिकोच्या आखातातल्या मार्लिन क्षेत्रात एका विहिरीचं केसिंग उत्पादन सुरू झाल्यावर काही तासांतच निकामी झालं. मग या दाबाकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

यावर उपाय आहेत. निर्वात आवरणाच्या नळ्या वापरून उष्णता अडवायची, पोकळीत दाबला जाणारा फोम किंवा नायट्रोजन भरायचा, सिमेंट थोडं खालीच थांबवून दाबाला खडकात वाट ठेवायची. किंवा केसिंगमध्ये ठरावीक दाबाला फुटणाऱ्या चकत्या बसवायच्या. या चकत्या म्हणजे कुकरचाच व्हॉल्व्ह.

मॅकोंडो विहिरीत अशा चकत्या होत्या. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझनवर स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. त्या स्फोटाला चकत्या कारणीभूत नव्हत्या. पण मे महिन्यात वरून चिखल दाबून विहीर बंद करण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा शंका आली: चकत्या फुटल्या असतील तर? मग तोंड बंद केल्यावर तेल बाजूने खडकात शिरेल आणि समुद्रतळ फोडून वर येईल. दीड किलोमीटर पाण्याखाली जाऊन हे तपासणार कोण? विहिरीला झाकण घालायला कचरण्यामागे ही शंकाही होती. १५ जुलैला झाकण बंद झालं तेव्हाही दाबाचे आकडे संदिग्ध होते. अखेर विहिरीने दाब धरला.

चकत्या बसवणाऱ्यांनी चूक केली असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे खरा धोका होता. पण कुकरचा व्हॉल्व्ह गेला की स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना कळतं. समुद्राखालची चकती कुणालाच काही सांगत नाही. तिथे मोजमापाची सोय करणं अवघड, शिवाय प्रत्येक नवं छिद्र म्हणजे गळतीची नवी जागा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या अज्ञानाची किंमत आराखडा करतानाच हिशेबात धरायला हवी. कारण ती किंमत आराखडा करणारा सहसा भरत नाही. त्या उन्हाळ्यात ती किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी भरली, आणि चकत्या बसवायच्या की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

काय फुटावं हे ठरवण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने ते फुटलंय की नाही हे इतरांना कसं कळणार याचंही उत्तर द्यायला हवं. ते उत्तर नसेल तर आपण धोका टाळलेला नसतो. फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट पाहण्यात ढकललेला असतो.